वाचकांचे प्रश्न : द्रावणातला उशिराचा प्रकाश

सेंद्रिय रंगांच्या द्रावणातला फॉस्फोरेसन्स आणि विलंबित फ्लुओरेसन्स या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत. आधी पुढे लागेल तेवढी उजळणी. प्रकाश शोषलेला रेणू सिंग्लेट अवस्थेतून (जिथे इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात) काही नॅनोसेकंदांत खाली आला, तर मिळतो तो फ्लुओरेसन्स. वाटेत एका इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटून रेणू ट्रिप्लेट अवस्थेत उतरला, तर तिथून परतायला त्याला मायक्रोसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. ट्रिप्लेटमधून थेट खाली येताना निघतो तो फॉस्फोरेसन्स. ट्रिप्लेटमधून पुन्हा सिंग्लेटमध्ये चढून मग खाली आला, तर प्रकाशाचा रंग फ्लुओरेसन्सचा असतो, पण तो येतो ट्रिप्लेटच्या सवडीने. हाच विलंबित फ्लुओरेसन्स.

प्रश्न : इओसिन वाय या रंगाचे इथेनॉलमधले द्रावण ५२० नॅनोमीटरला उत्तेजित केले. ५४५ च्या आसपास फ्लुओरेसन्स भरपूर येतो, पण ६८० जवळ फॉस्फोरेसन्सचा मागमूसही नाही. १० मिनिटे नायट्रोजन सोडला होता. काय चुकते आहे?

ऑक्सिजन पुरेसा गेलेला नाही. किती जायला हवा याचा हिशेब एकदा मांडून पाहिला की १० मिनिटे का पुरत नाहीत ते कळते.

हवेशी समतोल असलेल्या इथेनॉलमध्ये साधारण २ मिलिमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. ट्रिप्लेट रेणू ऑक्सिजनला धडकून विझण्याचा वेगस्थिरांक दर मोलरला, दर सेकंदाला २०० कोटींच्या घरात आहे. दोन्हींचा गुणाकार सेकंदाला ४० लाख, म्हणजे ट्रिप्लेटचे आयुष्य पाव मायक्रोसेकंद. ऑक्सिजन नसताना इओसिनची ट्रिप्लेट अवस्था मिलिसेकंदाच्या पातळीवर टिकते. हवा असलेल्या द्रावणात फॉस्फोरेसन्स हजारो पटींनी घटतो तो यामुळे. फ्लुओरेसन्सला मात्र फारसा धक्का लागत नाही, कारण काही नॅनोसेकंदांत ऑक्सिजनची गाठच पडत नाही. म्हणून फ्लुओरेसन्स उत्तम आला यावरून ऑक्सिजन गेला असे कधीही समजू नये.

१ मिलिसेकंदाचे आयुष्य १० टक्क्यांहून अधिक घटू द्यायचे नसेल, तर ऑक्सिजन ५० नॅनोमोलरच्या खाली हवा, म्हणजे मूळच्या चाळीस हजाराव्या भागाइतका. ज्या नायट्रोजनमध्ये दहा लाखांत १० भाग ऑक्सिजन आहे, तो कितीही वेळ सोडला तरी द्रावणात सुमारे १०० नॅनोमोलर ऑक्सिजन उरतोच आणि १ मिलिसेकंदाचे आयुष्य ०.८३ वर येते. दहा लाखांत १ भाग किंवा त्याहून कमी ऑक्सिजनचा वायू घ्या, नाहीतर वाटेत ऑक्सिजन शोषणारी नळी बसवा.

नळ्यांकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. सिलिकॉन रबरातून ऑक्सिजन सहज आत झिरपतो. महागडा शुद्ध नायट्रोजन २ मीटर सिलिकॉन नळीतून आणला की त्याची शुद्धता वाटेतच जाते. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची बारीक नळी वापरा आणि लवचीक जोड अगदी आखूड ठेवा. बूच ब्युटाइल रबराचे चांगले. सुईने चार-पाचदा टोचलेले बूच बदलून टाका.

आता कृती. इओसिन वायचे डायसोडियम लवण ७ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये : हे झाले १०० मायक्रोमोलर. त्यातले १ मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत न्या. या १ मायक्रोमोलर द्रावणाचे १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या पारदर्शक चौकोनी भांड्यात) शोषण ०.१ च्या आसपास येते आणि तेवढेच हवे. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचा एखादा थेंब टाकला तर रंग द्विऋण आयनाच्या रूपात राहतो. आम्लात तो बिनरंगी लॅक्टोन होऊ लागतो आणि मग सगळेच आकडे घसरतात.

नायट्रोजन आधी इथेनॉल भरलेल्या धुलाईच्या बाटलीतून न्या, म्हणजे तो द्रावकाच्या वाफेने संपृक्त होऊन येईल. हे टाळले तर अर्ध्या तासात क्युव्हेटमधली पातळी खाली गेलेली डोळ्यांनी दिसते आणि संहती बदलते. लांब मानेच्या क्युव्हेटमध्ये ३ मिलिलिटर द्रावण, तळापर्यंत पोहोचणारी बारीक सुई, बाहेर जाणाऱ्या वायूसाठी दुसरी आखूड सुई. बारीक बुडबुड्यांची सलग माळ निघेल इतका प्रवाह ठेवा. फेस होत असेल तर प्रवाह कमी करा. २० ते ३० मिनिटांनी आतली सुई पृष्ठभागाच्या वर ओढा आणि मोजमाप चालू असताना वरून वायू वाहता ठेवा. क्युव्हेट बंदच करायचे असेल तर आधी बाहेर जाणारी सुई काढा, मग आत येणारी, म्हणजे आत किंचित दाब राहतो.

काम झाले की नाही हे घड्याळाला विचारू नका, नमुन्याला विचारा. फॉस्फोरेसन्सचे आयुष्य मोजा, आणखी १० मिनिटे नायट्रोजन सोडा, पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर ऑक्सिजन अजून आहे. दोन मोजमापे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

प्रश्न : सुरुवात कोणत्या रंगापासून करावी : फ्लुओरेसीन, इओसिन की एरिथ्रोसिन?

तिघांचा सांगाडा एकच. इओसिनवर ४ ब्रोमीन असतात, एरिथ्रोसिनवर ४ आयोडीन. अणू जितका जड तितके स्पिन आणि कक्षीय गती यांचे युग्मन जोरदार, आणि सिंग्लेटमधून ट्रिप्लेटमध्ये जाणे तितके सोपे. अल्कधर्मी पाण्यात फ्लुओरेसीनची फ्लुओरेसन्सची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर असते, इओसिनची २० च्या आसपास, एरिथ्रोसिनची जेमतेम २. फ्लुओरेसीनमध्ये ट्रिप्लेटकडे काही उरतच नाही. पातळ द्रावणात त्याचा फॉस्फोरेसन्स शोधण्यात वेळ घालवू नये.

पण जड अणू परतीची वाटही सोपी करतो. इओसिनची ट्रिप्लेट मिलिसेकंदाच्या पातळीवर, तर एरिथ्रोसिनची पाण्यात पाव मिलिसेकंदाच्या आसपास टिकते. याचा फायदाही आहे : आयुष्य कमी म्हणून उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा त्रास कमी. पहिलाच प्रयोग असेल तर एरिथ्रोसिन घ्या. विलंबित फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स शेजारी शेजारी पाहायचे असतील तर इओसिन.

जड अणूचा परिणाम किती असतो हे नॅफ्थॅलीनच्या मालिकेत सर्वांत स्वच्छ दिसते. ७७ केल्विनला काचेसारख्या गोठवलेल्या द्रावकात नॅफ्थॅलीनचा फॉस्फोरेसन्स २ सेकंदांहून अधिक टिकतो, १-क्लोरोनॅफ्थॅलीनचा सुमारे ०.३ सेकंद, १-ब्रोमोचा १८ मिलिसेकंद आणि १-आयोडोचा अवघा २ मिलिसेकंद.

प्रश्न : ऑक्सिजन काढण्याच्या गोठव-उपस-वितळव पद्धतीत क्युव्हेट तडकले. किती फेऱ्या करायच्या आणि काच कशी वाचवायची?

क्युव्हेट थेट गोठवायचेच नाही. त्याच्या भिंती चिकटवलेल्या किंवा वितळवून जोडलेल्या असतात आणि तडा तिथेच जातो. क्युव्हेटला बाजूने एक गोल तळाचा फुगा आणि निर्वाताचा खटका जोडून घ्या. द्रावण फुग्यात ओतून तिथे गोठवायचे आणि सगळ्या फेऱ्या झाल्यावर वाकवून क्युव्हेटमध्ये आणायचे. फुगा एक तृतीयांशाहून अधिक भरू नका.

द्रव नायट्रोजनमध्ये हळूहळू बुडवा. पूर्ण गोठल्यावर खटका उघडून ५ ते १० मिनिटे उपसा. पंप ०.०१ मिलिबारपर्यंत जाणारा हवा. खटका बंद करून कोमट पाण्यात वितळवा, पण वरच्या भागापासून. तळ आधी वितळला तर फुगणाऱ्या द्रवाला वर जायला जागा मिळत नाही आणि काच फुटते. वितळताना सुटणारे बुडबुडे पहिल्या फेरीत खूप असतात, तिसरीत जवळपास नसतात. ३ ते ५ फेऱ्या पुरतात. पुढच्या फेरीत खटका उघडताना दाबमापकाचा काटा हलला नाही म्हणजे झाले. पाण्याच्या द्रावणाला ही पद्धत लावू नका : बर्फ फुगतो, शिवाय रंग गोठताना एकत्र गोळा होऊन गुच्छ बनवतो.

दोन धोके जिवावर बेतणारे आहेत. ऑक्सिजन ९० केल्विनला उकळतो आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला. त्यामुळे द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली नळी हवेला उघडी राहिली तर आत ऑक्सिजन द्रवरूपात साठतो. नळीत फिकट निळा द्रव दिसला तर तो सेंद्रिय द्रावकाबरोबरचा द्रव ऑक्सिजन आहे, म्हणजे स्फोटक. नळी बंद करू नका, हलवू नका, द्रव नायट्रोजनचे भांडे काढून घेऊ नका. सगळ्यांना दूर करून जबाबदार व्यक्तीला बोलवा. दुसरा धोका आर्गॉनचा. तो ८७ केल्विनला द्रव होतो. बुडवलेल्या नळीत आर्गॉन सोडून खटका बंद केला, तर बाहेर काढल्यावर त्याचा वायू होऊन नळी फुटते. या कामात चेहऱ्यावर ढाल हवीच.

प्रश्न : पाण्यातल्या द्रावणातला ऑक्सिजन घालवायला सोडियम सल्फाइट वापरतात असे वाचले. किती आणि कसे?

हवेशी समतोल पाण्यात २५ अंशांना सुमारे ०.२७ मिलिमोलर ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनच्या एका रेणूला सल्फाइटचे दोन आयन लागतात, म्हणजे ०.५४ मिलिमोलर. प्रत्यक्षात ५ ते १० मिलिमोलर घ्या. १० मिलिमोलरसाठी १०० मिलिलिटरला निर्जल सोडियम सल्फाइट १२६ मिलिग्रॅम. द्रावण त्याच दिवशी करा, कारण बाटलीत ठेवलेले सल्फाइट हवा खाऊन सल्फेट होते. क्युव्हेट काठोकाठ भरून बूच लावा आणि १५-२० मिनिटे थांबा. क्रिया धातूंच्या अंशमात्र आयनांवर चालते, त्यामुळे अतिशुद्ध पाण्यात ती आश्चर्य वाटावे इतकी रेंगाळते.

त्रास पुढे होतो. प्रखर प्रकाशात उत्तेजित इओसिन सल्फाइटकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकते आणि रंग उडू लागतो. अमाइन असतील तर हे फार वेगाने घडते. ट्रायइथेनॉलअमाइन आणि इओसिन ही जोडी तर प्रकाशाने बहुलकीकरण सुरू करण्यासाठी मुद्दाम वापरली जाते. म्हणून बफर बोरेटचा किंवा फॉस्फेटचा घ्या, अमाइनचा नको. मोजमापाच्या आधी आणि नंतर शोषण तपासा. ५ टक्क्यांहून अधिक घट असेल तर ते मोजमाप टाकून द्या.

ग्लुकोज, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटॅलेज हे मिश्रणही चालते. मात्र त्यात ग्लुकॉनिक आम्ल तयार होऊन पीएच खाली येतो, तेव्हा बफर भक्कम हवा. शिवाय इओसिन प्रथिनांना चिकटते, त्यामुळे मोजलेले आयुष्य मोकळ्या रंगाचे की चिकटलेल्याचे हा प्रश्न उरतो.

प्रश्न : उशिराचा प्रकाश मिळाला, पण तो ५४५ ला आहे. हा विलंबित फ्लुओरेसन्स कोणत्या प्रकारचा, ई की पी, हे कसे ठरवायचे?

पार्कर आणि हॅचर्ड यांनी १९६१ मध्ये इओसिनच्या द्रावणांवर जे काम प्रसिद्ध केले, त्यावरून ई-प्रकाराला इओसिनचे आद्याक्षर मिळाले. पी-प्रकाराला ते पायरीनवरून मिळाले. दोन्हींत प्रकाशाचा वर्णपट फ्लुओरेसन्ससारखाच असतो, म्हणून नुसता वर्णपट पाहून निवाडा होत नाही. द्रावणाचे तापमान आणि उत्तेजनाची तीव्रता बदलून पाहावी लागते.

ई-प्रकारात ट्रिप्लेट रेणू आजूबाजूची उष्णता घेऊन सिंग्लेटमध्ये चढतो. एक रेणू, एक चढण. त्यामुळे उत्तेजक प्रकाश निम्मा केला की हा प्रकाशही निम्माच होतो आणि त्याचे आयुष्य फॉस्फोरेसन्सच्या आयुष्याइतकेच भरते. पी-प्रकारात दोन ट्रिप्लेट रेणू एकमेकांना भेटतात आणि दोघांची ऊर्जा मिळून एक सिंग्लेटला पोहोचतो. दोघांची गरज असल्याने उत्तेजक प्रकाश निम्मा केला की हा प्रकाश पाव होतो आणि त्याचे आयुष्य ट्रिप्लेटच्या आयुष्याच्या निम्मे भरते. पायरीनचा हिशेब पाहा : ट्रिप्लेटची ऊर्जा मोलला सुमारे २०२ किलोज्यूल, दोन मिळून ४०४, आणि सिंग्लेट ३२२ च्या आसपास. दोघांचे मिळून सहज भागते. एकट्याला मात्र १२० ची चढण खोलीच्या तापमानाला अशक्यच.

तीव्रतेची चाचणी आधी करा, ती सोपी आहे. १००, ५०, २५ आणि १० टक्के प्रकाश जाऊ देणारे राखाडी फिल्टर उत्तेजनाच्या वाटेत एकेक करून ठेवा. फिल्टर नमुन्यानंतर नको, आधीच हवा. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा. उतार १ आला तर ई, २ आला तर पी. एक सावधगिरी : लेसर फार प्रखर असेल आणि ट्रिप्लेट मुख्यतः एकमेकांना भेटूनच संपत असतील, तर पी-प्रकाराचाही उतार १ कडे झुकतो. म्हणून शक्य तितक्या मंद प्रकाशापर्यंत जा. मधलाच, १.४-१.५ असा उतार आला तर दोन्ही वाटा एकत्र चालू आहेत, किंवा द्रावण या दोन टोकांच्या मध्ये आहे. संहती १० पटींनी कमी करून पुन्हा पाहा.

आता तापमान. इओसिनच्या सिंग्लेट आणि ट्रिप्लेटमधले अंतर मोलला सुमारे ४३ किलोज्यूल आहे. वर्णपटावरूनही त्याचा अदमास घेता येतो : ५४० नॅनोमीटर म्हणजे मोलला २२१ किलोज्यूल, ६८० म्हणजे १७६, फरक ४५. एवढ्या अंतराला २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास चढण्याचा वेग १.८ पट होतो आणि ७० अंशांवर १३ पट.

पण नुसता ५४५ चा प्रकाश मोजू नका. तापमानाबरोबर ट्रिप्लेटचे आयुष्यही घटते आणि वाढलेला वेग त्यात झाकला जातो. मोजायचे ते विलंबित फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स यांचे गुणोत्तर. दोघांचा उगम एकाच ट्रिप्लेट साठ्यात असल्याने साठा कमी-जास्त झाला तरी गुणोत्तरावर परिणाम होत नाही. या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध काढला की सरळ रेषा येते आणि तिच्या उताराला ८.३१४ ने गुणले की अंतर ज्यूलमध्ये मिळते. शोधक ५४५ ला जास्त आणि ६८० ला कमी संवेदनशील असतो हे खरे, पण तो फरक सर्व तापमानांना सारखाच असल्याने रेषा वर-खाली सरकते, उतार बदलत नाही. गुणोत्तराची ही पद्धत आम्हाला फार आवडते, कारण साधे उपकरण असूनही आकडा पक्का मिळतो.

इथेनॉल ७८ अंशांना उकळते, त्यामुळे वर जायचे तर ग्लिसरॉल घ्या. मात्र ग्लिसरॉलमधून बुडबुडे सोडून हवा काढणे जिकिरीचे आहे. ६० अंशांपर्यंत तापवून, निर्वाताखाली ढवळत ठेवून हवा काढा. ते हवेतले पाणी ओढते आणि पाण्याने त्याची श्यानता झपाट्याने घसरते, म्हणून बाटली उघडी ठेवू नका.

आणखी एक गफलत. द्रावण फार संहत असेल तर रंग स्वतःचाच प्रकाश निळ्या बाजूने गिळतो आणि वर्णपट लाल बाजूला सरकल्यासारखा दिसतो. तात्काळ आणि विलंबित वर्णपटांची तुलना करताना क्युव्हेट, कोन आणि संहती तिन्ही तीच ठेवा.

प्रश्न : ३४० नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर ६८० ला टोकदार शिखर मिळाले, तेही नायट्रोजन न सोडता! हा फॉस्फोरेसन्स मानावा का?

नाही. ३४० ची दुप्पट ६८०. मोनोक्रोमेटरमधली (एकेक तरंगलांबी निवडणाऱ्या उपकरणातली) जाळी ३४० चा विखुरलेला प्रकाश दुसऱ्या क्रमाने ६८० च्या जागी दाखवते. शोधकाच्या बाजूला ४०० नॅनोमीटरखालचे अडवणारा फिल्टर लावा, शिखर जाईल. उत्तेजन ३५० केले तर ते ७०० ला सरकेल. खरा फॉस्फोरेसन्स जागचा हलत नाही.

अशीच फसगत करणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. झेनॉनचा स्पंददिवा क्षणात विझत नाही, त्याची शेपटी कित्येक मायक्रोसेकंद राहते. मोजणी साधारण १०० मायक्रोसेकंदांनंतर सुरू करा. साधी काच आणि हलक्या प्रतीचे क्वार्ट्झ अतिनील प्रकाशात स्वतःच उशिरा चमकतात, काही रंगीत काचेचे फिल्टरही. शोधक ६५० च्या पुढे आंधळा होणारा असेल तर उलटी चूक होते : फॉस्फोरेसन्स असूनही दिसत नाही. लाल भागापर्यंत चालणारा, अनेक अल्कली धातूंच्या लेपाचा फोटोमल्टिप्लायर हवा. आणि त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच सेटिंगवर, नुसत्या द्रावकाचे मोजमाप प्रत्येक वेळी घ्या. उशिराचे संकेत इतके क्षीण असतात की हे कोरे मोजमाप नसेल तर बाकी आकड्यांना आधार नाही.

प्रश्न : ७७ केल्विनला द्रावक काचेसारखा पारदर्शक गोठायला हवा, पण आमचा पांढरा होऊन तडकतो.

द्रावकात पाणी आहे, किंवा द्रावकच चुकीचा निवडला आहे. नेहमीचे मिश्रण म्हणजे डायइथाइल ईथर, आयसोपेंटेन आणि इथेनॉल ५:५:२ आकारमानाने. तिन्ही कोरडी हवीत. ईथर आणि आयसोपेंटेन खोलीच्या तापमानालाच उडू पाहतात, तेव्हा मिश्रण ऐनवेळी करा, ज्योतीपासून दूर, आणि ईथरमध्ये पेरॉक्साइड नाही हे तपासून. २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरानही उत्तम काच देते, पण त्यात बहुधा स्थिरक घातलेला असतो. तो ऊर्ध्वपातनाने काढा, नाहीतर त्याचीच चमक मोजाल.

नळी ३-४ मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्या. जाड नळीत आतला भाग मागाहून थंड होतो आणि ताणाने भेगा पडतात. भेगा पडल्याच तर वितळवून पुन्हा सावकाश बुडवा. गोठलेल्या काचेत ऑक्सिजन हलू शकत नाही, त्यामुळे इथे हवा काढण्याची धडपड बहुतेक वेळा अनावश्यक ठरते. आणि एक कसोटी फुकट मिळते : ७७ केल्विनला ४३ किलोज्यूलची चढण चढणे अशक्य आहे. तिथेही इओसिनचा ५४५ चा उशिराचा प्रकाश दिसला तर तो ई-प्रकार नव्हे. दिव्याची शेपटी, गुच्छ झालेला रंग किंवा अशुद्धी यांचा शोध घ्या.

प्रश्न : वर्गात दाखवण्यासारखे काही, द्रव नायट्रोजन आणि निर्वाताशिवाय?

बोरिक आम्लाच्या काचेतले फ्लुओरेसीन. द्रावणच, पण घन. याच पदार्थावर लुईस, लिपकिन आणि मॅगेल यांनी १९४१ मध्ये काम प्रसिद्ध केले आणि १९४४ मध्ये लुईस व काशा यांनी फॉस्फोरेसन्सचा संबंध ट्रिप्लेट अवस्थेशी जोडला.

१० ग्रॅम बोरिक आम्लात १ ते २ मिलिग्रॅम फ्लुओरेसीन खलात नीट घोटा. रंग याहून वाढवला की चमक वाढायच्या ऐवजी कमी होते. जाड बुडाच्या परीक्षानळीत हॉटप्लेटच्या वाळूत हळूहळू तापवा. पाण्याची वाफ निघून बुडबुडे येतात आणि १७० अंशांच्या आसपास मधासारखा घट्ट, स्वच्छ द्रव होतो. तपकिरी झाक आली तर रंग जळला, नव्याने सुरुवात करा. हा द्रव नळीच्या भिंतीवर पातळ पसरवून थंड होऊ द्या. अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या बॅटरीने काही सेकंद उजळून बंद करा : चमक डोळ्यांना सहज दिसेल इतका वेळ टिकते. मग नळी कोमट करा. चढण सोपी होऊन विलंबित फ्लुओरेसन्स वाढतो, आणि चमक फ्लुओरेसन्सच्या रंगाकडे झुकते पण लवकर विझते. बर्फात ठेवली की फॉस्फोरेसन्सचा वाटा वाढून रंग पिवळ्याकडे जातो आणि चमक रेंगाळते. ई-प्रकाराचे तापमानावलंबन विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते ते असे.

ही काच हवेतला ओलावा शोषून पांढरट होते, म्हणून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा. बोरिक आम्ल प्रजननसंस्थेला घातक आहे. हातमोजे वापरा, पूड उडू देऊ नका. अतिनील प्रकाश अडवणारा चष्मा सगळ्यांना हवा.

प्रश्न : प्लॅटिनम ऑक्टाइथाइलपॉर्फिरिन आणि ९,१०-डायफिनाइलअँथ्रासीन टोल्युइनमध्ये घेऊन ५३२ चा हिरवा लेसर टाकला. पॉर्फिरिनने आपली ट्रिप्लेट ऊर्जा डायफिनाइलअँथ्रासीनला देऊन निळा प्रकाश मिळायला हवा, पण तो येत नाही.

मोजण्याआधी नुसते डोळ्यांनी पाहा, अर्थात ५३२ अडवणारा चष्मा घालून. किरणाच्या वाटेत लाल चमक दिसते का? दिसत असेल तर पॉर्फिरिनचा ६४५ चा फॉस्फोरेसन्स जिवंत आहे. म्हणजे ऑक्सिजन गेला आहे, पण ऊर्जा डायफिनाइलअँथ्रासीनकडे पोहोचत नाही. त्याची संहती १ मिलिमोलर आहे का ते तपासा. पॉर्फिरिन १० मायक्रोमोलर पुरे. लाल आणि निळे दोन्ही नसेल तर ऑक्सिजन शिल्लक आहे : हवेशी समतोल टोल्युइनमध्ये तो २ मिलिमोलरच्या जवळ असतो आणि पॉर्फिरिनची ऊर्जा आधी तोच पळवतो. हाही पी-प्रकाराचाच विलंबित फ्लुओरेसन्स आहे, फक्त ट्रिप्लेट दुसऱ्या रेणूने पुरवलेले.

प्रश्न : ओएलईडी म्हणजे सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडसाठी प्रसिद्ध असलेल्या ४सीझेडआयपीएन या रेणूचा विलंबित फ्लुओरेसन्स आमच्या स्पंददिव्याच्या उपकरणावर अजिबात दिसत नाही. नमुना खराब आहे का?

नमुना बहुधा ठीक आहे. अडाची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलेल्या या रेणूत सिंग्लेट-ट्रिप्लेट अंतर मोलला फक्त ८ किलोज्यूलच्या आसपास आहे. त्यामुळे ट्रिप्लेट झटपट वर चढते आणि टोल्युइनमध्ये विलंबित भागाचे आयुष्य सुमारे ५ मायक्रोसेकंदच असते. तुम्ही मोजणी सुरू करता १०० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे २० आयुष्ये उलटून गेल्यावर. तेव्हा उरलेले काही नसते. नॅनोसेकंद स्पंदांचा लेसर किंवा झटकन विझणारी एलईडी घ्या आणि मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदापासून सुरू करा. ते नसेल तर दुसरी वाट : साधा फ्लुओरेसन्स वर्णपट हवेसह घ्या, मग नायट्रोजन सोडून घ्या. ५०७ नॅनोमीटरजवळची तीव्रता हवा गेल्यावर ठळकपणे वाढली, आकार तोच राहिला आणि पुन्हा हवा सोडल्यावर ती मूळ पातळीवर आली, तर वाढलेला भाग ट्रिप्लेटमधून आलेला आहे. दोन्ही वेळी द्रावणाची पातळी सारखीच आहे ना, हे तेवढे पाहा.